टेक्स्ट एडिटर: टूलबार काढा, मेनू ठेवा

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी इथल्या वाचकांकडून एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. एमएस-सीआयटी करून अभियांत्रिकीला गेलेला विद्यार्थी विचारतो, "सीनियर म्हणतात, मेनू आणि टूलबार बंद करून टाक, खरा प्रोग्रामर माउसला हात लावत नाही. खरंच काढून टाकू का?" टायपिंगची परीक्षा दिलेली ताई विचारते, "वर्डमध्ये सगळं वर दिसतं. या एडिटरमध्ये काहीच दिसत नाही. बटणं आणायची कशी?" सेवा केंद्र चालवणारे दादा विचारतात, "मराठी मजकूर सेव्ह केला आणि उघडला तर नुसती प्रश्नचिन्हं. कुठलं बटण दाबायला हवं होतं?"

तिघांनाही एकच निर्णय घ्यायचा आहे: एडिटरच्या पडद्यावर काय दिसत ठेवायचे आणि काय लपवायचे. थोडक्यात उत्तर असे: टूलबार काढला तरी बहुतेकांचे काही अडत नाही. मेनू मात्र ठेवा. मराठी लिहीत असाल तर नक्कीच ठेवा. या उत्तराची कारणे, अपवाद आणि प्रत्यक्ष कृती पुढे दिली आहे.

आधी चार गोष्टी वेगळ्या ओळखा

- मेनू: खिडकीच्या माथ्यावरची शब्दांची ओळ. फाइल, एडिट, व्ह्यू वगैरे. एडिटरला जे जे करता येते, त्यातले बहुतेक सगळे इथे शब्दांत लिहिलेले असते आणि शेजारी शॉर्टकटही छापलेला असतो.
- टूलबार: मेनूखालची चित्रबटणांची पट्टी. नवीन फाइल, उघडा, सेव्ह, कापा, चिकटवा, मागे घ्या, छापा अशी निवडक कामे तिथे असतात.
- स्टेटस बार: तळाची बारीक पट्टी. ओळ क्रमांक, फाइलचे एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) वगैरे माहिती तिथे दिसते.
- कमांड पॅलेट: शोधपेटी. कामाचे नाव टाइप केले की ते काम समोर येते. व्हीएस कोड या एडिटरमध्ये ती कंट्रोल+शिफ्ट+पी दाबल्यावर उघडते.

"टूलबार-मेनू काढून टाक" हा सल्ला या चारही गोष्टी एकाच पोत्यात घालतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. टूलबार हे मेनूतल्या आठ-दहा कामांचे दुसरे दार आहे. मेनू ही बहुतेक कामांची यादी आहे. दार बंद केले तर काम अडत नाही. यादीच फाडली तर काय काय करता येते हेच कळेनासे होते.

"खरा प्रोग्रामर" या समजुतीचे काय?

बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कली विद्यापीठात व्हीआय हा एडिटर लिहिला, तेव्हा समोर चित्रे दाखवणारा पडदाच नव्हता. संथ मोडेमवरून अक्षरे यायची. म्हणून एकेका अक्षराची आज्ञा ठेवली गेली. मेनू नव्हता, कारण तो दाखवणे परवडत नव्हते. पुढे यंत्रे बदलली तसे असे एडिटरही बदलले. व्हीआयच्या वळणावर १९९१ मध्ये आलेल्या व्हिमची जीव्हिम ही आवृत्ती मेनू आणि टूलबारसकट येते. ग्नू ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरला २००१ मध्ये २१ व्या आवृत्तीपासून चित्रांचा टूलबार मिळाला. ज्यांनी हे एडिटर घडवले त्यांनीच मेनू दिला आहे. तो वापरण्यात कमीपणा नाही. सीनियरचे हात वेगाने चालतात ते सरावामुळे. मेनू लपवला म्हणून तो वेग येत नाही.

मराठी लिहिणाऱ्याचा हिशेब वेगळा का?

टूलबारवरची चर्चा बहुतेक वेळा फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या सोयीने होते. आपण दोन लिप्यांत काम करतो. त्यामुळे चार मुद्दे जास्तीचे येतात.

१. आज्ञा रोमन अक्षरांत, हात मराठी कीबोर्डवर. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'वर्धा' लिहायचे तर बी, जे, डी, शिफ्ट+ओ, ई अशी पाच अक्षरे दाबावी लागतात. डी म्हणजे हलन्त. आता व्हिममध्ये पूर्ण ओळ खोडण्याची आज्ञा आहे डी-डी. कीबोर्ड मराठीवर असेल तर व्हिमला मिळतात दोन हलन्त, आणि ओळ जागची हलत नाही. फाइल सेव्ह करून बाहेर पडायचे कोलन-डब्ल्यू-क्यू केले तर त्याला मिळते छ, मग ऐकाराची मात्रा, मग औकाराची. विद्यार्थ्याला वाटते संगणक अडकला. प्रत्यक्षात फक्त कीबोर्ड बदलायचा राहिलेला असतो. अशा वेळी मेनूतले 'सेव्ह' माउसने निवडले की काम होते, कीबोर्ड कुठल्याही भाषेवर असो.

२. सर्वांत गरजेचे काम टूलबारवर नसतेच. मराठी मजकुराची प्रश्नचिन्हे होतात ती बहुतेक वेळा फाइल युटीएफ-८ ऐवजी जुन्या एएनएसआय पद्धतीने सेव्ह झाल्यामुळे. हे बदलण्याची सोय नोटपॅड++ मध्ये 'एन्कोडिंग' या मेनूत आहे, व्हीएस कोडमध्ये स्टेटस बारच्या उजव्या कोपऱ्यात आहे, साध्या नोटपॅडमध्ये 'सेव्ह ॲज' च्या चौकटीत आहे. मेनू आणि स्टेटस बार लपवले तर नेमकी हीच सोय नजरेआड होते.

३. ओळीची उंची. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार. मराठी ओळ नीट वाचता यावी म्हणून तिला इंग्रजीपेक्षा जास्त उभी जागा द्यावी लागते. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा असतो. त्यावर टूलबारची एक पट्टी साधारण मराठीची एक ओळ खाते. हे कारण खरे आहे, पण फार मोठे नाही. जागा हवी असेल तर आधी बाजूची फाइलींची यादी आणि तळाची जास्तीची चौकट बंद करा. तिथे कितीतरी पट जागा सुटते.

४. टर्मिनलमध्ये जोडाक्षरे तुटतात. चित्रे नसलेल्या काळ्या टर्मिनलमध्ये अनेकदा वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे दिसते, कर्सरही भलत्याच जागी उभा राहतो. लांब मराठी मजकूर नेहमी खिडकी असलेल्या एडिटरमध्येच लिहा. खिडकी उघडलीच आहे, तर मेनूचा वेगळा खर्च काय?

तुम्ही कोण, आणि तुमची निवड कोणती?

- पहिल्या वर्षाचे विद्यार्थी: पहिले दोन-तीन आठवडे काहीच काढू नका. एडिटर जसा आला तसा वापरा. हात बसले की टूलबार काढा.
- टायपिंग येणारे: तुम्ही जीसीसी-टीबीसीची मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची टायपिंग परीक्षा दिली असेल, तर तुमचा वेग मोडतो तो हात कीबोर्डवरून उचलून माउसकडे नेताना. टूलबार आजच बंद करा. सर्वाधिक फायदा तुम्हालाच आहे.
- अधूनमधून लिहिणारे: महिन्यातून एकदा एखादी यादी किंवा सूचना लिहिणाऱ्यांना शॉर्टकट लक्षात राहत नाहीत, राहण्याची गरजही नाही. मेनू आणि टूलबार दोन्ही ठेवा.
- शिक्षक आणि प्रयोगशाळेत शिकवणारे: प्रोजेक्टरवर दाखवताना मेनूतूनच काम करा. तुम्ही कंट्रोल+एच दाबलेत तर मागच्या बाकावरच्या मुलीला फक्त चौकट उघडलेली दिसते, ती कशामुळे उघडली ते दिसत नाही. मेनूतून गेलात तर वाटही दिसते आणि शेजारी छापलेला शॉर्टकटही.
- दृष्टिबाधित वाचक: मेनू तुमच्यासाठी अत्यावश्यक आहे. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर मेनूतला प्रत्येक शब्द आणि त्याचा शॉर्टकट वाचून दाखवतो. टूलबारच्या चित्रांना नाव दिलेले नसेल तर तो फक्त 'बटण, बटण' म्हणत राहतो. टूलबार काढा, मेनू कधीही लपवू नका.
- हात किंवा मनगट दुखणारे, बोटे थरथरणारे: दोन-तीन कळा एकदम दाबणे त्रासाचे असेल तर टूलबार ठेवा आणि त्यातली चित्रे मोठी करा. नोटपॅड++ मध्ये मोठ्या चित्रांचा पर्याय आहे. कुणी हिणवले तरी काढू नका.
- फक्त मोबाइल असलेले विद्यार्थी: मोबाइलच्या कीबोर्डवर कंट्रोल किंवा एस्केप नसते. तिथे बटणांच्या पट्टीवाचून काम होणार नाही. टर्मक्स या ॲपमध्ये कीबोर्डच्या वर एस्केप, कंट्रोल, ऑल्ट, टॅब यांची ओळ दिलेली असते ती याचसाठी. ती ठेवा.
- सर्व्हर सांभाळणारे: दूरच्या यंत्रावर खिडकी नसते. तिथे नॅनो हा एडिटर वापरा. तळाच्या दोन ओळींत शॉर्टकट लिहिलेले असतात, आणि टोपीसारखी खूण म्हणजे कंट्रोल. व्हिममध्ये अडकलात तर कीबोर्ड इंग्रजीवर आणा, एस्केप दाबा, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. काही न बदलता बाहेर पडाल.

बटणांकडून शॉर्टकटकडे: क्रमाने जा

१. दोन दिवस नेहमीसारखे काम करा आणि कोणती बटणे सारखी दाबता ती कागदावर लिहा. बहुतेकांची यादी सहा-सातच्या पुढे जात नाही.

२. त्यातले प्रत्येक काम मेनूत शोधा आणि शेजारी छापलेला शॉर्टकट कागदावर उतरवा. मेनूतून शोधलेला शॉर्टकट लक्षात राहतो. कुठून तरी आणलेला लांबलचक तक्ता राहत नाही.

३. रोज दोन शॉर्टकट घ्या. सुरुवात सेव्ह, मागे घ्या आणि शोधा यांनी करा. विंडोजवरच्या बहुतेक एडिटरमध्ये ते कंट्रोल+एस, कंट्रोल+झेड आणि कंट्रोल+एफ असे आहेत. नेहमीच्या विंडोज एडिटरमध्ये कीबोर्ड मराठीवर असतानाही ते चालतात.

४. वर तुमच्यासाठी वेगळी मुदत सांगितली नसेल तर आठवड्याने टूलबार बंद करा. मेनू तसाच राहू द्या.

५. आणखी एका आठवड्याने स्वतःला विचारा: काही अडले का? अडले असेल तर टूलबार परत आणा. ही तडजोड नव्हे, आपल्या कामाला साजेशी निवड आहे.

६. मेनू लपवायचा की नाही हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. बहुतेकांना तो घ्यावाच लागणार नाही.

मेनूचे काम बसस्थानकावरच्या वेळापत्रकाच्या फलकासारखे आहे. रोज वर्धा-नागपूर करणारा त्याकडे बघतही नाही, पण म्हणून तो फलक कुणी उतरवत नाही. आर्वीला पहिल्यांदा निघालेल्याला तो लागतो, आणि रोजच्या प्रवाशालाही कधीतरी वेगळ्या गावाला जायचे असतेच.

कोणत्या एडिटरमध्ये काय कराल?

- नोटपॅड++: सेटिंग्ज, मग प्रेफरन्सेस. तिथे टूलबार लपवण्याचा पर्याय आहे. मेनूही लपवता येतो आणि ऑल्ट किंवा एफ१० दाबून परत आणता येतो. त्याच प्रेफरन्सेसमध्ये 'न्यू डॉक्युमेंट' खाली युटीएफ-८ निवडून ठेवा.
- व्हीएस कोड: नेहमीच्या अर्थाचा टूलबार इथे नाहीच. डावीकडे चित्रांची उभी पट्टी असते, ती 'व्ह्यू' मेनूतल्या 'अपिअरन्स' मधून बंद होते. मेनू लपवायचाच असेल तर सेटिंग्जमध्ये 'टॉगल' निवडा, 'हिडन' निवडू नका. टॉगल असेल तर ऑल्ट दाबताच मेनू दिसतो. एकाग्रतेने लिहायचे असेल तर 'झेन मोड' वापरा. एस्केप दोनदा दाबले की पडदा पूर्ववत होतो.
- जीव्हिम: एडिट, मग ग्लोबल सेटिंग्ज, मग टॉगल टूलबार. पुन्हा तेच केले की टूलबार परत येतो.
- ईमॅक्स: ऑप्शन्स, मग शो/हाइड, मग टूलबार, मग 'नन'. नंतर ऑप्शन्समध्येच 'सेव्ह ऑप्शन्स' करा, नाहीतर पुढच्या वेळी टूलबार परत दिसेल. मराठीसाठी संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवा आणि ऑप्शन्समधल्या 'मल्टिलिंग्वल एन्व्हायर्नमेंट' मधून देवनागरी इनस्क्रिप्ट ही इनपुट पद्धत निवडा. मग अक्षरे मराठी उमटतात आणि कंट्रोलच्या आज्ञा इंग्रजीप्रमाणेच चालतात. वर सांगितलेली हलन्ताची अडचण इथे येत नाही. ही सोय बहुतेकांना सापडते ती मेनूतच.
- विंडोजचे नोटपॅड: २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या सुधारणेपासून नवीन फाइल आपोआप युटीएफ-८ मध्ये सेव्ह होते. जुन्या संगणकावर मात्र स्वतः निवडावे लागते. विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये २०२५ मध्ये ठळक, तिरकी अक्षरे करण्याची बटणे आली आहेत. प्रोग्राम किंवा साधा मजकूर लिहिणाऱ्यांनी ही सोय नोटपॅडच्या सेटिंग्जमधून बंद ठेवावी.

इथे फसगत होते

- परतीची वाट न बघता मेनू लपवणे. काहीही बंद करण्याआधी ते पुन्हा कसे आणायचे ते कागदावर लिहा. ऑल्ट आणि एफ१० ही दोन नावे लक्षात ठेवा, बहुतेक ठिकाणी मेनू त्यांनीच उघडतो. ईमॅक्समध्ये ऑल्ट+एक्स दाबून 'मेनू-बार-मोड' ही आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करून एंटर करा.
- दुसऱ्याची सेटिंगची फाइल जशीच्या तशी उचलणे. मित्राच्या फाइलमध्ये त्याच्या सवयी असतात. त्यात काय लपवले आहे हे तुम्हाला कळत नाही. एकेक ओळ समजून घ्या आणि मगच आपल्या फाइलमध्ये घाला.
- वर्डला एडिटर समजणे. वर्डमध्ये प्रोग्राम लिहिला की सरळ अवतरणचिन्हे आपोआप वाकडी होतात आणि फाइलमध्ये मजकुराबरोबर सजावटही साठते. प्रोग्राम, माहितीच्या याद्या आणि संकेतस्थळावर जाणारा मजकूर साध्या एडिटरमध्येच लिहा.
- जुन्या फाँटचा दोष एडिटरवर ढकलणे. कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर साध्या एडिटरमध्ये उघडला की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. कुठलेही बटण दाबून ते सुधारत नाही. तो मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो. त्यानंतर प्रत्येक ओळ मूळ प्रतीशी ताडून बघा. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे चुका हमखास राहतात.
- सामाईक संगणकावर आपली मांडणी लादणे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, ग्रंथालयात किंवा सेवा केंद्रावर तुमच्यानंतर दुसरे कुणी बसणार असते. वेगळे खाते नसेल तर जाताना मेनू आणि टूलबार पूर्ववत करा.

तुमचे हक्क

- मुक्त एडिटर वापरण्याचा आणि वाटण्याचा हक्क. ग्नू ईमॅक्स आणि नोटपॅड++ जीपीएल परवान्याखाली आहेत, व्हिमचा स्वतःचा मुक्त परवाना आहे. ते मोफत वापरता येतात, मित्राला देता येतात, आपल्या सोयीने बदलता येतात. त्यांच्या प्रतीसाठी कुणी पैसे मागत असेल तर देण्याची गरज नाही.
- मराठीत मेनू मागण्याचा आणि घडवण्याचा हक्क. मुक्त एडिटरच्या मेनूचे भाषांतर कुणीही सुचवू शकते. वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून आहे, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ पासून आहे. भाषेचे काम करणारी माणसे या जिल्ह्यात कमी नाहीत. संगणकाचे विद्यार्थी आणि भाषेचे विद्यार्थी एकत्र बसले तर एखाद्या एडिटरचा पूर्ण मेनू शुद्ध, सोप्या मराठीत आणणे त्यांच्या आवाक्यातले आहे.
- दिव्यांग विद्यार्थ्यांचा हक्क. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासनाच्या निधीवर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची आहे. प्रयोगशाळेत मेनू असलेला एडिटर, स्क्रीन रीडर किंवा मोठी अक्षरे हवी असतील तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. उत्तर मिळाले नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

निर्णय घेताना

एडिटर चांगला की वाईट हे त्यावर किती बटणे आहेत यावरून ठरत नाही. तुम्हाला हवे ते काम तुमच्या भाषेत, तुमच्या हातांनी, न अडखळता होते का, यावरून ठरते. टूलबार हा सुरुवातीचा आधार आहे. हात बसले की तो सोडा, गरज असेल तर जन्मभर ठेवा. मेनू सगळ्यांसाठी आहे. तुमच्यानंतर त्याच खुर्चीत बसणाऱ्या नवख्या मुलीसाठीही आहे. तिला "मेनू काढून टाक" असे सांगू नका. मेनू उघडून दाखवा, आणि त्यात एन्कोडिंग कुठे आहे ते आधी शिकवा.